परत आलेल्यांचं कलम

४ मे, सोमवार

बाहेर बेचाळीस अंश. आत समिती, आणि समितीला थंडी वाजत होती. आमच्या संस्थेतला एसी कोणी तरी पार खाली नेऊन ठेवलेला, रिमोट सापडेना. दिल्लीच्या बाईंनी पदर कानावरून घेतला. पुण्याच्या गृहस्थांना शिंका. आर्क्टिक आणि शीत प्रदेशांतल्या आरोग्य संशोधनाचं राष्ट्रीय धोरण लिहायला बसलेली ही मंडळी, आणि भिंतीवरचा खटका बंद करावा हे एकालाही सुचेना. शेवटी मीच उठले.

समिती हैदराबादेतच का भरते ते पहिल्या बैठकीत कळलं नव्हतं. आज जेवणाच्या वेळी कळलं. बिर्याणी. दुसरं कारण नाही.

अध्यक्षांशी सगळे इतके वाकून बोलतात की महामहिम म्हणायचंच तेवढं बाकी आहे. मी इथे महाहिम लिहीन. एकदा भर उन्हाळ्यात बोटीतून उत्तरेला फिरून आलेत, तेवढ्यावर आयुष्य काढलं. लाल जाकिटातला फोटो प्रत्येक भाषणाच्या पहिल्या स्लाइडवर. आज दोनदा दिसला, कारण स्लाइड चुकून मागे गेली. दोन्ही वेळा ते स्वतःकडे पाहून हसले.

मसुद्याचं सहावं पान. वाक्य असं: हिवाळी मुक्काम करून परतलेल्या भारतीय मोहीम-सदस्यांमध्ये कोणतेही दीर्घकालीन मानसिक दुष्परिणाम आढळलेले नाहीत.

विचारलं, "कोणी पाहिलं?"

सदस्य सचिव (यापुढे स.स.) म्हणाले, "म्हणजे?"

"परत आल्यावर वर्षाने, दोन वर्षांनी त्यांना बोलावून कोणी तपासलं?"

"तशी तक्रार आलेली नाही, मॅडम."

तक्रार आलेली नाही! पहिल्या वर्षाच्या पोराने पेपरात असं लिहिलं तर मी नापास करते. इथे त्याला परिशिष्टासकट धोरण म्हणतात. 

महाहिम गोड हसून म्हणाले, "मग डॉक्टर सुजाता, तुम्हीच पर्यायी परिच्छेद द्या ना."

देते.

५ मे, मंगळवार

संध्याकाळी सिकंदराबादला मिलिंदकडे. बाबांच्या वेळचंच घर, फक्त खिडक्यांना आता आतून काळा कागद लावलाय. मि.नेच लावला. दिवसा उजेड नको असतो त्याला.

माझा धाकटा भाऊ. भूल देणारा डॉक्टर. कॉर्पोरेट हॉस्पिटलात बढतीच्या रांगेत पहिला होता. मग अंटार्क्टिकातल्या आपल्या स्टेशनवर डॉक्टर म्हणून अख्खा हिवाळा राहायला गेला, परत आला त्याला तीन वर्षं झाली. आल्यावर सहा महिन्यांत नोकरी सोडली. "थिएटरात हात थरथरला तर?" एकदाच म्हणाला. हात थरथरत नव्हता. झोप नव्हती. आजही नाही. आता दोन-चार छोट्या दवाखान्यांत बोलावतील तेव्हा जातो, तेही सकाळी उन्हाआधी.

पल्लवीने, त्याच्या बायकोने, चहा केला. ती नारायणगुड्यात शाळेत शिकवते, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिचा चेहरा पाहून विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. निघताना तीच दाराशी म्हणाली, "अक्का, झोपेत मनगट धरतात माझं. इतकं घट्ट की सकाळी वळ असतो."

"कधीपासून?"

"आल्यापासून. तुम्हाला आत्ता सांगतेय."

दुष्परिणाम आढळलेले नाहीत. पल्लवीच्या मनगटावर पाहिलं असतं तर आढळले असते.

८ मे, शुक्रवार

कलम लिहिलं. चार वेळा खोडून. शेवटी सरळ भाषेत: हिवाळी मुक्काम करून परतलेल्या प्रत्येकाची, मग तो शास्त्रज्ञ असो की स्वयंपाकी की वेल्डर, पुढची दहा वर्षं नियमित तपासणी केली जाईल. त्रास आढळल्यास उपचार सरकार करेल. बरं झाल्याचा दाखला मिळेपर्यंत त्या व्यक्तीला पुन्हा हिवाळी मुक्कामाला पाठवलं जाणार नाही.

पाठवलं. दुपारीच स.स.चा फोन.

"मॅडम, फारच ठोस झालंय."

"ठोस नको?"

"धोरण कसं, आकांक्षी असावं. यात एकदम जबाबदारीच येते."

जबाबदारीच येते! हा माणूस नकळत खरं बोलतो, म्हणून मला तो इतरांपेक्षा बरा वाटायला लागलाय. 

११ मे, सोमवार

ऑनलाइन उपसमिती. विषय: शीत प्रदेश म्हणजे काय. सकाळ गेली.

लडाख, सियाचीन, हिमाचलचा वरचा भाग, इथवर एकमत. मग राजस्थानच्या गृहस्थांनी माउंट अबू घालावं म्हटलं, तिथे जानेवारीत दव गोठतं. तामिळनाडूने लगेच उटी काढली. मी म्हटलं, मग आमच्या अफझलगंजातलं बर्फाचं गोदामही घ्या, तिथे कामगारांची बोटं बाराही महिने बधिर असतात. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. शीतगृहात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाच्या बोटांवर या देशात कोणी काय संशोधन केलंय? पण त्यांना पांढरं अस्वल हवंय. अस्वलाशिवाय स्लाइड होत नाही. 

उटीचा निर्णय पुढच्या बैठकीत.

हौले आहेत सगळे. शुद्ध मराठीत 'अर्धवट'च्या पुढे शब्द नाही, हैदराबादेत आहे.

१४ मे, गुरुवार

महाहिमांचा फोन. स्वतः, मराठीत.

आधी कौतुक. "तुमचं मराठी ऐकायला मजा येते हो. जरा मोगलाई आहे."

"निजामाच्या राज्यातलंच आहे, सर. आजोबा नांदेडकडचे. बाबा रेल्वेत, सिकंदराबादला."

"हो हो, आडनावावरून लक्षात आलं."

आडनावावरून काय लक्षात आलं ते ते बोलले नाहीत. मला कळलं. साठ वर्षांची होईन पुढच्या साली, हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. 

मग मुद्द्यावर. पुरावा काय? एक तरी केस?

म्हटलं, "माझा भाऊ."

ते, अगदी मऊ आवाजात, "अरेरे. पण मग हा हितसंबंधाचा प्रश्न होतो, नाही का? तुम्ही भावासाठी कलम लिहिताय असं कोणी म्हणायला नको."

"मग त्यालाच ऐका. तुम्ही आजवर परत आलेल्या एकाही माणसाला या टेबलाशी बसवलेलं नाही."

मला वाटलं नाही म्हणतील. लगेच हो म्हणाले. एकोणीस तारखेला या घेऊन. इतकं सोपं काही यांच्याकडून मिळतं तेव्हा हात मिळवल्यावर आपली बोटं मोजून घ्यावीत.

१६ मे, शनिवार

मि.ला विचारायला गेले. वाटलं होतं अख्खी संध्याकाळ समजावण्यात जाईल. ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "येतो की."

"स्टेशनवरच्या त्या वेल्डरचं, त्या हिवाळ्यात जे झालं ते सांगशील?"

"सांगतो."

"लोक फालतू प्रश्न विचारतील."

"पर्वालेदु, अक्का." काही हरकत नाही म्हणायचं असलं की तो तेलुगूत शिरतो, लहानपणापासून. गल्लीतच तसं शिकलो दोघं. 

पल्लवीने आतून त्याचा चांगला शर्ट काढून इस्त्रीला टाकला. तिला काही तरी होणारसं वाटत होतं. मलाही. फार दिवसांनी तो आमच्याबरोबर जेवायला बसला, ज्वारीची भाकरी, आंबट डाळ. दोनदा मागून घेतली.

समितीतल्या प्रत्येकाचं तोंड त्या दिवशी कसं होईल याचाच विचार करत घरी आले. मला त्यांची मान खाली गेलेली पाहायची आहे. ही इच्छा चांगली नाही. आहे.

१९ मे, मंगळवार

झालं.

मि. बोलला. इतकं चांगलं बोलला की मी लिहून घ्यायची विसरले. जमेल तेवढं इथे.

सूर्य गेला. मग पुढचे दोन महिने आलाच नाही. स्टेशनवर पंचवीस माणसं. विमान येऊ शकत नाही, बोट येऊ शकत नाही, कोणी मेलं तरी वसंतापर्यंत तिथेच. त्यांचा एक वेल्डर होता, हसरा, पत्त्यांत सगळ्यांना हरवणारा. तो आधी वेगळा जेवायला लागला. मग बोलायचा थांबला. मग रोज सकाळी बॅग भरून दाराशी उभा राहायचा, विमान आलंय म्हणून. बाहेर बर्फाचं वादळ. दार उघडून चार पावलं गेला असता तर सापडला नसता. मि.ने आपली खाट त्याच्या खोलीत नेली. झोपताना दोघांच्या मनगटांना एक दोरी. तो उठला की मि. उठायचा. उजेड येईपर्यंत असंच.

"मी अहवाल पाठवला," मि. म्हणाला. "आरोग्याच्या फायलीत लागला नाही. शिस्तीच्या फायलीत लागला. वर्तन असमाधानकारक. परत आल्यावर मी त्याला फोन केला. त्याच्या भावाने उचलला. म्हणाला, तो फोनवर बोलत नाही."

स.स.ने चष्मा काढून पुसला. मी मनात म्हटलं, आता.

दिल्लीच्या बाईंनी विचारलं, पेंग्विन अगदी जवळ येतात का हो?

मि.ने शांतपणे सांगितलं, हिवाळ्यात त्या बाजूला नसतात.

मग महाहिम पुढे झुकले. "डॉक्टर, एकच प्रश्न. एवढं सगळं सोसलंत. पुन्हा जाल?"

"आज सांगितलं तर आज."

एका झटक्यात. विचार न करता. आणि आवाजात जे होतं ते मी तीन वर्षांत त्याच्या आवाजात ऐकलं नव्हतं. आनंद.

टाळ्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. महाहिम माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? हीच ती भारतीय चिकाटी. हेच धोरणात यायला हवं." आणि स.स.ला, "लिहून घ्या, लिहून घ्या."

वेल्डर टाळ्यांत बुडाला. पंचवीस माणसांच्या त्या अंधारातनं यांनी उचललं काय, तर चिकाटी.

जेवणाला थांबलो नाही. गाडीत मि. एसीच्या झोताला तोंड लावून बसला होता. बोलले असते तर वाईट बोलले असते.

२० मे, बुधवार

बोललेच शेवटी. भर दुपारी गेले, रजा टाकून. काळ्या कागदाच्या खोलीत तो पलंगावर उशी मांडीवर घेऊन. 

"असं का म्हणालास?"

"खरं म्हणून."

मग सांगितलं. उत्तरेकडचं आपलं स्टेशन आता अख्खा हिवाळा डॉक्टरसकट चालवायचं आहे. त्या जागेसाठी याने मार्चमध्येच अर्ज केलाय. पहिली चाळणी पार झाली. पल्लवीलाही माहीत नाही. मलाही नाही. महाहिमांना माहीत होतं, मि.च म्हणाला! म्हणून ते इतक्या चटकन हो म्हणाले. माझाच साक्षीदार माझ्याविरुद्ध बोलवून घेतला आणि मी त्याला गाडीत बसवून घेऊन गेले. 

"अक्का, तुझं ते कलम."

"काय त्याचं?"

"बरं झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पाठवणार नाहीत. मला कोण देणार दाखला? कलम काढ."

"तुला झोप नाही. नोकरी नाही. बायकोचं मनगट सुजतं. आणि तुला परत तिथे जायचंय?"

"तिथे झोपायचो मी."

"दोरी बांधून!"

"हो. दोरी बांधून. तरी झोपायचो. माझं काम काय ते मला माहीत होतं. एका माणसाला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. इथे मला काय काम आहे? फ्लायओव्हरखाली थांबून हॉर्न ऐकायचे."

"तू तिथे गेलास म्हणून आजारी पडलास, मिलिंद."

"नाही. इथे परत आलो म्हणून."

मग आणखी बरंच. तुला भाऊ नको, पेशंट पाहिजे, असं तो म्हणाला. मी म्हणाले, तू त्या म्हाताऱ्याच्या हातचं बाहुलं झालायस. तो म्हणाला, "तू ज्याला त्याला मूर्ख ठरवतेस. त्यांच्यात मीही आलो का आता?"

चप्पल घालून निघाले. आला होता त्यांच्यात, म्हणून.

२२ मे, शुक्रवार

पल्लवी शाळेच्या उन्हाळी वर्गातून थेट इकडे आली. हातात पेपरांचा गठ्ठा, तपासायचे. तिला मि.ने काल सगळं सांगितलं.

मला वाटलं रडेल. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "तुमचं कलम दाखवा."

दाखवलं. माझं कच्चं टिपण मराठीत, आणि मराठी वाचायला तिला वेळ लागतो, शाळा तेलुगू-इंग्रजीत झाली. ओठ हलवत वाचलं. 

"यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"ते परत आले. आले कुठे? माझ्याकडे आले. तपासायला त्यांना बोलावणार. ते सांगणार सगळं ठीक आहे, ते तसंच सांगतात. मला कोण विचारणार?"

"तुम्ही समितीत भांडलात, त्यांच्याशी भांडलात. मला एकदा तरी विचारलंत का, अक्का, की पल्लवी, तुला काय पाहिजे?"

विचारलं मग. उशिराच.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते जायचं म्हणाले तेव्हा आधी वाटलं, बरं होईल, शांत झोपेन. मग त्याचीच लाज वाटली. मग वाटलं, परत येतील ते कोण असतील? पण एवढं कळतंय, की आत्ता ते इथे नाहीतच. इथे फक्त त्यांचं ताट वाढते मी."

मग पेपर काढून इथेच बसून तपासले तिने. सातवीचा भूगोल. मी शेजारी बसून कलमात एक वाक्य घातलं: तपासणीच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकलं जाईल. तिला दाखवलं. तिने लाल पेनाने 'स्वतंत्रपणे' खाली रेघ मारली.

२६ मे, मंगळवार

सुधारित मसुदा आला. ध्येयवाक्य आलंय. रोडमॅप आलाय. मुखपृष्ठावर अस्वल आलंय. उटीही आली.

माझं कलम आलंय! सापडायला वेळ लागला, परिशिष्टात होतं. इंग्रजीतलं 'शॅल' सगळीकडे कापून 'मे' केलंय. महिन्याला शोभेलसं. तपासणी करता येईल. उपचारांचा विचार करता येईल. कुटुंबीयांचं वाक्य आहे, पण 'स्वतंत्रपणे' नाही. पुन्हा न पाठवण्याचं वाक्य साफ गेलं. सहाव्या पानावरचं 'आढळलेले नाहीत' जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली चौकटीत: "आज सांगितलं तर आज" – हिवाळी मुक्काम केलेल्या एका डॉक्टरांचे उद्गार.

वाचून चौकटीवर चहाचा कप ठेवला. मग उचलला. कपाचा काय दोष?

दुपारी महाहिमांचा फोन. आवाजात तूप. सगळ्यांचं समाधान झालंय, सुजाताताई. ताई झाले मी! तुम्ही एकदा सही केलीत की पुढे जाऊ. आणि मानसिक आरोग्याचा एक कार्यगट करतोय, तुम्हीच प्रमुख. आणि हो, तुमच्या बंधूंची फार चांगली छाप पडली. निवड मंडळावर माझे मित्रच आहेत.

"हे दोन्ही एकाच वाक्यात का सांगताय, सर?"

"छे, छे. सहज."

सहज! एका हाताने भावाला बर्फात पाठवायचं, दुसऱ्याने बहिणीच्या तोंडावर कार्यगट ठेवायचा, आणि मध्ये स्वतःचा लाल जाकिटातला फोटो. या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्टपणाला काही मेहनत लागते. याला फक्त गैरसोय नको आहे.

त्रास याचा की सही केली तर मि. जाईल, जसं त्याला हवंय. नाही केली आणि काही जोर लागून माझं कलम मूळ रूपात आलंच, तर तो घरी बसेल, काळ्या कागदामागे, आणि मला कधी माफ करणार नाही. महाहिम नकळत मि.च्या बाजूने आहेत. आणि मी?

२९ मे, शुक्रवार

पाठवलं. सही नाही, भिन्नमताची टिपणी. दीड पान. सगळे 'शॅल' परत. पल्लवीचं 'स्वतंत्रपणे' परत. चौकट काढण्याची मागणी: त्या डॉक्टरांचं एक वाक्य छापायचं असेल तर वेल्डरची गोष्टही पूर्ण छापा, नाही तर काहीच नको.

पुन्हा पाठवण्याचं वाक्य. तिथे अडकले दोन दिवस. 'बरं झाल्याचा दाखला' हे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. कोण देणार, असं मि.ने विचारलं होतं. बरोबरच विचारलं होतं. हे वाक्य मी रागात लिहिलं होतं, त्यात दार एकदा लावलं की लागलं. शेवटी असं केलं: त्रास आहे एवढ्यावरून कोणालाही कायमचं वगळलं जाणार नाही, पण त्रास लपवून कोणालाही पाठवलं जाणार नाही, निर्णय उपचार करणारा डॉक्टर, ती व्यक्ती आणि तिच्या घरचे मिळून घेतील.

समितीसाठी बदललं नाही. समिती हे वाचणारसुद्धा नाही.

स.स.ची पोच आली. "मिळाले. वैयक्तिकरीत्या सहमत. – अधिकृत नाही." या देशात सगळे वैयक्तिकरीत्या सहमत असतात. तरी, चष्मा पुसला होता त्याने. नोंद करून ठेवते.

३१ मे, रविवार

बेल वाजली, दारात मि. ऊन उतरलेलं नव्हतं. सिकंदराबादहून बसने आला, नारायणगुड्याच्या थांब्यावरून चालत. शर्ट भिजलेला, डोळे बारीक केलेले. मी आत घेतलं. पडदे ओढायला गेले तर म्हणाला, "राहू दे."

बंगनपल्ली आंबा कापून दिला. कोय चोखत बसला, बाबांसारखा, आवाज करत. 

"सही केलीस?"

"नाही. टिपणी पाठवली." वाचायला दिली. वाचली. शेवटच्या वाक्यापाशी थांबला, पुन्हा वाचलं.

"हे कधी बदललं?"

"परवा."

खाली भाजीवाल्याची हाक. मग म्हणाला, "माझी मेडिकल आहे. दिल्लीत. गुरुवारी. मानसोपचाराचा डॉक्टर असतो बोर्डावर. पाच मिनिटं घेतो. विचारतो, झोप येते का."

मी महिनाभर ज्या प्रश्नासाठी घसा कोरडा केला तो हाच. कोणी विचारत का नाही? तर विचारतात. पाच मिनिटं.

"काय सांगू, अक्का?"

सांगायला तोंड उघडलं. खरं सांग, एवढंच तर म्हणायचं होतं. मूर्खालाही कळेल असं उत्तर. पण तो डोळे न चोरता माझ्याकडे पाहत होता, तीन वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारत होता, आणि खरं सांगितलं तर त्याला नेणार नाहीत हे दोघांनाही माहीत. नाही नेलं तर? नेलं तर?

म्हटलं, "पल्लवीला विचारलंस?"

"ती म्हणते, मी सोबत येते. बाहेर बाकावर बसते. बोर्डाने बोलावलं तर आत येईन म्हणते."

"आणि तू?"

"मी म्हटलं, चल." हात पुसले. "पण आत गेल्यावर काय बोलेन ते मला अजून ठाऊक नाही. तुला वाटतं का तिथे पोचेपर्यंत ठरेल?"

भात लावला, त्याला जेवून जा म्हटलं. उठला नाही, म्हणजे जेवणार आहे. आत्ता बाहेरच्या खोलीत टीव्ही लावलाय, आवाज न करता. मंगळवारची गाडी आहे दोघांची. स्टेशनवर जाईन. तिथे विचारेन का, आणि काय विचारेन, ते मलाही अजून ठाऊक नाही.